मेडिकलवाल्या बंधूंनो, समुद्रशेवाळाच्या डबीबरोबर ते वाक्य देऊ नका

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी भागातल्या मेडिकल दुकानदार बंधू-भगिनींना,

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यातलीच एक आहे असं म्हटलं तरी चालेल. बेळगावातल्या एका छोट्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी २६ वर्षं रक्त काढलं, तपासलं, रिपोर्ट लिहिले. लॅबच्या भिंतीला लागूनच एक मेडिकल होतं. सुया संपल्या की तिथे धावायचं, सुटे पैसे नसले की तिथेच. रिपोर्ट घेऊन बाहेर पडलेला माणूस आधी कुठे वळतो तेही मी रोज बघायची. तो डॉक्टरांकडे जात नाही. मेडिकलच्या काउंटरवर कागद पसरतो आणि विचारतो, "बघा की जरा, काय आलंय यात?"

आपल्या भागात याला आणखी एक कारण आहे. सरकारी दवाखान्याचा कागद कानडीत, लॅबचा रिपोर्ट इंग्रजीत, डबीवरचा मजकूर इंग्रजीत, आणि घरातल्या आईला मराठीशिवाय काही वाचता येत नाही. सीमेच्या वादात मी आज शिरत नाही. पण या तीन भाषांच्या मधल्या फटीत तुम्ही उभे असता. कागदावरचं सगळं तुम्ही एका मराठी वाक्यात सांगता आणि घरी पोचतं ते तेवढंच वाक्य. डॉक्टर काय म्हणाले ते लोक विसरतात. मेडिकलवाला काय म्हणाला ते वर्षभर सांगत राहतात.

अशाच एका वाक्याबद्दल हे पत्र आहे.

माझा धाकटा भाऊ उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत मोल्डिंगला होता. भट्टीसमोरचं काम, दिवसभर घाम, संध्याकाळी पोरं मिळून बसायची. आधी सारायीची, म्हणजे देशी दारूची पाकिटं होती. १ जुलै २००७ पासून कर्नाटकात सारायी बंद झाली, तेव्हा आई देवाला नारळ फोडून आली होती. पण पाकीट गेलं आणि कागदी टेट्रा पॅक आला. नाईन्टीची (९० मिली) पुढे क्वार्टर (१८० मिली) झाली. सुट्टीला चोर्ल्याच्या घाटातून गोव्याला जाणारी गाडी असायची, ती वेगळीच.

दोन वर्षांपूर्वी त्याला भूक लागेनाशी झाली, सकाळी उलटीसारखं व्हायला लागलं. तो घराजवळच्या मेडिकलात गेला. त्या दुकानाचं नाव मी लिहिणार नाही. त्या माणसाच्या मनात वाईट काही नव्हतं हे मला ठाऊक आहे. त्याने एक डबी दिली. निळी-हिरवी डबी, वर लाटेचं चित्र, आत ६० कॅप्सूल, किंमत ८५० रुपये. समुद्रशेवाळाचा अर्क. आणि डबी देताना तो म्हणाला, "रोज दोन घेत जावा, लिव्हर साफ ऱ्हातंय. थोडी घेतली तरी चालतंय मग."

डबी घरी आली, वाक्यही घरी आलं.

तोवर भाऊ लपून पीत होता. गोठ्यामागे, नाहीतर गाडीवर बसून. डबी आल्यावर तो घरात पिऊ लागला. संध्याकाळी आई स्टीलच्या ताटलीत दोन कॅप्सूल काढून ठेवायची, शेजारी पाण्याचा तांब्या. तो त्या गिळायचा, तांब्या खाली ठेवायचा आणि मग टेट्रा पॅकचं तोंड दाताने फाडायचा. आईला बरं वाटायचं की पोरगा औषध तरी वेळेवर घेतोय. शेवटच्या तीन डब्या तिने स्वतःच्या संध्या सुरक्षेच्या, म्हणजे म्हातारपणाच्या सरकारी पेन्शनच्या पैशातून आणल्या. एकूण सात महिने, सात डब्या. "आक्का, आता भूक लागुलालीय बघ," असं तो मला फोनवर सांगायचा. मलाही ते खरं वाटायचं, कारण मला ते खरं असायला हवं होतं.

यात माझीही चूक आहे, ती मी लपवणार नाही. दुसऱ्या डबीच्या वेळी मी त्याचं रक्त लॅबमध्ये आणून एसजीपीटी (यकृताची एक तपासणी) लावला. ४१ आला. जवळजवळ नॉर्मल. मी त्याला फोन करून तसं सांगितलंही. प्लेटलेट बघितल्या नाहीत, अल्ब्युमिन (यकृतात तयार होणारं प्रथिन) बघितलं नाही, सोनोग्राफीला पाठवलं नाही. ज्या बाईने हजारो रिपोर्ट लिहिले तिने सख्ख्या भावाचा एकच आकडा बघितला.

गणपतीच्या दिवसांत एका पहाटे त्याला रक्ताची उलटी झाली. आईने पुढे धरलेली पितळी परात मी अजून घासायला घेत नाही. दवाखान्यात रक्त काढलं तेव्हा ट्यूब माझ्याच हातात होती. चांगल्या माणसाचं सीरम सुकत आलेल्या गवताच्या रंगाचं असतं, फिकट. त्याचं सेंट्रिफ्यूजमधून निघालं ते झेंडूच्या पाकळ्या रात्रभर पाण्यात भिजत घातल्यासारखं. कावीळ दाखवणारं बिलिरुबिन ६.४, अल्ब्युमिन २.३, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो तो आकडा) १.९, प्लेटलेट ६२ हजार. आणि एसजीपीटी ३८.

हे ३८ जरा नीट बघा, कारण काउंटरवर सगळ्यात जास्त फसवणूक हाच आकडा करतो. एसजीपीटी म्हणजे यकृताच्या पेशी फुटल्या की रक्तात सांडणारं एन्झाइम. फुटायला पेशी शिल्लक असतील तर ते सांडणार. यकृत आतून घट्ट होत, आकसत, जखमेच्या व्रणासारखं व्हायला लागलं की आकडा खाली येऊ शकतो, आणि तो खाली आलेला आकडा बघून घरात पेढे वाटले जातात. दारूच्या यकृतात बहुतेक वेळा एसजीओटी हा यकृताचा दुसरा आकडा एसजीपीटीच्या दुपटीच्या वर असतो. भावाचा ९६ होता. प्लेटलेट कमी, अल्ब्युमिन कमी, आयएनआर वाढलेला, पाय सुजलेले, पोट फुगलेलं: ही खरी खूण. तेव्हा कोणी एकच आकडा घेऊन आला आणि "कॅप्सूलने फरक पडला काय?" म्हणून विचारू लागला, तर त्या एका आकड्यावर "हो" म्हणू नका.

आता शेवाळाबद्दल. मला शेवाळाचा राग नाही, उलट २६ वर्षं त्याच्यावर माझं पोट चाललं. जंतू वाढवायच्या कल्चर प्लेटमधली 'अगर' नावाची जेली लाल समुद्रशेवाळातून येते. किराणा दुकानात चायना ग्रास म्हणून मिळतं तेही तेच. तुमच्या रॅकवर जळजळीसाठी अल्जिनेटची बाटली असते, ते तपकिरी शेवाळातून काढलेलं. पोटातल्या आम्लावर ते फेसाळ थर धरून तरंगतं आणि आम्ल वर चढू देत नाही. ते काय करतं, कसं करतं, किती करतं, सगळं माणसांवर तपासलेलं आहे. ती बाटली बिनधास्त विका.

यकृताच्या बाबतीतही शास्त्रज्ञ उगाच मागे लागलेले नाहीत. दारू पोटात गेली की तिचा थोडासाच भाग श्वासातून, घामातून, लघवीतून तसाच बाहेर पडतो, बाकी सगळं ओझं यकृतावर. ते आधी तिचं ॲसिटाल्डिहाइड करतं, जे दारूहून जास्त जहाल, आणि मग त्याचं ॲसिटेट. रोज पिणाऱ्याच्या यकृतात सीवायपी २ई१ नावाचं एन्झाइम वाढतं, त्याच्या कामातून फ्री रॅडिकल सुटतात आणि त्यांना आवरणारं ग्लुटाथिऑन संपत जातं. दुसऱ्या बाजूने दारू आतड्याचं अस्तर सैल करते. जंतूंच्या अंगातले विषारी तुकडे तिथून पोर्टल शिरेत आणि शिरेतून थेट यकृतात. तिथल्या कुफ्फर नावाच्या राखणदार पेशी खवळतात आणि टीएनएफ अल्फासारखे सूज पेटवणारे निरोप सोडतात. चरबी, मग सूज, मग व्रण, असा तो उतार आहे.

तपकिरी शेवाळात फुकॉइडन नावाची गंधकयुक्त साखरेची लांब साखळी असते. ती पहिल्यांदा १९१३ साली स्वीडनमध्ये क्यूलिन नावाच्या शास्त्रज्ञाने वेगळी काढली. शेवाळाला तपकिरी रंग देणारं फुकोझँथिन असतं, फ्लोरोटॅनिन असतात. उंदरांना दारू पाजून हे पदार्थ दिले तर एसजीओटी-एसजीपीटी कमी चढतात, यकृतात चरबी कमी साठते, ग्लुटाथिऑन टिकतं, आतड्याचं अस्तर सावरतं, टीएनएफ कमी होतो, असे निष्कर्ष बऱ्याच प्रयोगांत आले आहेत. तुमच्याकडे येणारा कंपनीचा माणूस हेच चकचकीत कागदावर छापून आणतो. तो खोटं बोलत नाही. तो उंदराबद्दल बोलतो.

हा उंदीर कसा असतो ते मी सांगते. उंदराला दारू मुळात आवडत नाही आणि ती त्याच्या अंगातून आपल्यापेक्षा वेगाने जाते. नुसत्या दारूने उंदराला माणसासारखा सिरॉसिस, म्हणजे व्रण पडून घट्ट झालेलं यकृत, बहुधा होतच नाही. होते ती चरबी आणि थोडी सूज. म्हणजे माझ्या भावाला जो आजार होता तो त्या प्रयोगातल्या उंदराला नव्हताच. दुसरं, बहुतेक प्रयोगांत शेवाळाचा अर्क दारूच्या आधी नाहीतर दारूबरोबर सुरू केलेला असतो. घाव पडायच्या आधी ढाल धरणं वेगळं आणि वीस वर्षं घाव पडलेल्याला ढाल देणं वेगळं. आणि त्या डबीवर "सी-वीड एक्स्ट्रॅक्ट ५०० मिलिग्रॅम" असं लिहिलेलं असतं. त्यात फुकॉइडन किती, कुठल्या शेवाळाचं, कुठल्या हंगामातलं, कसं काढलेलं? शेवाळाची जात, समुद्र, ऋतू बदलला की आतला माल बदलतो. एकाच झाडाचे आंबेसुद्धा सारखे नसतात.

औषधविज्ञानात वाट अडते ती नेमकी इथे, म्हणून हे जरा सविस्तर सांगते. टीएनएफ वाढला म्हणून यकृत सुजतं, हे खरं. मग टीएनएफ अडवला की रोगी बरा होईल, हेही पटण्यासारखं. दारूने यकृताला तीव्र सूज आलेल्या रोग्यांवर टीएनएफ अडवणारं एटानरसेप्ट नावाचं भारी औषध वापरून बघितलं गेलं. २००८ मध्ये निकाल आला. सहा महिन्यांनी औषध घेतलेल्या गटात मृत्यू जास्त निघाले, न घेतलेल्यांत कमी. सूज कमी करणाऱ्या औषधाने जंतुसंसर्गाला दार उघडलं. उंदरात जो आकडा खाली आला म्हणून आपण टाळ्या वाजवतो, तोच आकडा खाली आणायला गेलेल्या डॉक्टरांना माणसं गमवावी लागली. मोठी माणसं तपासूनही चुकतात, आपण तर न तपासता विकतोय.

कारवार आपल्यापासून लांब नाही. तिथे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचं केंद्र आहे आणि कोचीला त्यांचं मुख्यालय. त्या कोचीच्या संस्थेने समुद्रशेवाळापासून यकृतातल्या चरबीसाठी एक अर्क तयार केला आहे. सरकारी संस्थेचं मन लावून केलेलं काम आहे ते, आणि मला त्याचा अभिमान वाटतो. पण तो अर्क दारूशी संबंध नसलेल्या चरबीसाठी आहे. साखर, वजन, बसून काम, यांतून येणारी चरबी. "सरकारनेसुद्धा काढलंय की" असं म्हणून कोणी क्वार्टरवाल्याच्या हातात शेवाळाची डबी देत असेल तर हा फरक त्याने आधी सांगायला हवा.

आणि आता दोन धोके, जे तुम्हाला माहीत असायलाच हवेत, कारण तुमच्या हाताखालून ते जातात.

फुकॉइडनची घडण हेपॅरिनच्या जवळची आहे, रक्त गोठू न देण्याचा गुण त्यात आहे. सिरॉसिसच्या रोग्याच्या प्लेटलेट आधीच कमी, आयएनआर आधीच वाढलेला, अन्ननलिकेत शिरा फुगून फुटायला आलेल्या. भावाचं रक्त त्या कॅप्सूलमुळे आलं असं मी म्हणत नाही. त्या शिरा दारूने फुगल्या होत्या. पण दवाखान्यातल्या डॉक्टरांनी "आणखी काय घेतो हा?" असं विचारल्यावर मी पिशवीतून ती डबी काढून दिली, आणि लेबल वाचताना त्यांचा चेहरा कसा झाला ते मला दिसलं. दुसरं म्हणजे आयोडीन. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं. काही तपकिरी शेवाळांत ते अनेक पटींनी असतं. थायरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्या बायका तुमच्या दुकानात रोज येतात. त्यांच्या नवऱ्यासाठी नेलेली डबी घरात सगळ्यांची होते, हे आपल्या घरांत नवं नाही.

डबीच्या मागे, अगदी खाली, बारीक अक्षरांत "नॉट फॉर मेडिसिनल यूज" असं इंग्रजीत छापलेलं असतं. आरोग्यपूरक म्हणून विकायच्या वस्तूवर ते छापावंच लागतं. भिंग घेऊन वाचलं मी ते, आईला वाचून दाखवलं. तिने विचारलं, "मग त्या मेडिकलवाल्याला हे दिसलं नव्हतं काय?" मला उत्तर देता आलं नाही. तुम्ही द्या.

म्हणून माझी मागणी डबी रॅकवरून काढा अशी नाही. दुकान चालवायचं असतं, भाडं असतं, मालाची उधारी असते. ज्याला घ्यायची त्याने घ्यावी. पण "थोडी घेतली तरी चालतंय" हे वाक्य त्या डबीबरोबर देऊ नका. कारण ते वाक्यच खरं औषध होऊन बसतं. माझ्या भावाला शेवाळाने इजा केली नसेल, पण त्या वाक्याने त्याला सात महिने परवानगी दिली. एका क्वार्टरमध्ये, ४२.८ टक्क्यांच्या दारूत, निव्वळ अल्कोहोल साधारण ६० ग्रॅम जातं. यकृत तासाला सात ते दहा ग्रॅम निपटतं. म्हणजे रात्री नऊला संपवलेली क्वार्टर पहाटे चारपर्यंत यकृताच्या मानेवर बसलेली असते. सात महिने रोज रात्री. याच्यापुढे दोन कॅप्सूल काय करणार?

आणि "थोडी" किती, ते मोजायचं कोणी? जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की दारूचं कुठलंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही. ज्याचं यकृत आधीच दुखावलंय त्याच्यासाठी तर "थोडी" हा शब्दच नाही.

मग काय सांगायचं? तुमच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ आहे, आणि त्यातलं बरंचसं तुमच्याच दुकानात मिळतं.

नुसती चरबी असलेलं यकृत दारू पूर्ण सोडली तर काही आठवड्यांत सावरायला लागतं. एवढी चांगली बातमी दुसऱ्या कुठल्या अवयवाबद्दल क्वचितच सांगता येते. ती सांगा. लोकांना वाटतं सोडून आता काय उपयोग. सिरॉसिस झालेल्यालासुद्धा सोडल्याने आयुष्याची वर्षं मिळतात.

पण "उद्यापासून एकदम बंद कर" असंही सांगू नका. रोज पिणाऱ्याने अचानक सोडली तर एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन ते चार दिवसांत भ्रम होऊन माणूस भिंतीशी बोलायला लागतो, आणि त्यात जीवही जातो. आमच्या गल्लीत एकाला असं झालं तेव्हा घरच्यांनी भूत लागलं म्हणून अंगारा लावला होता. अशा माणसाला दवाखान्यात नेऊनच सोडवायचं असतं. आपल्याला धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था जवळ आहे, जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आणि व्यसनमुक्तीचा १४४४६, हे दोन्ही नंबर फुकट आहेत. ते तुमच्या काउंटरच्या काचेखाली असावेत.

दारू उतरवायला म्हणून घरी बोलावून ग्लुकोजचं सलाईन लावायची पद्धत आपल्याकडे आहे, आणि सलाईन तुमच्याकडूनच जातं. रोज पिणाऱ्याच्या अंगात बी-१ जीवनसत्त्व संपत आलेलं असतं. त्याच्यात आधी बी-१ न देता ग्लुकोज ओतलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. बी-१ ची इंजेक्शनं स्वस्त आहेत. सलाईन न्यायला आलेल्याला "डॉक्टरांनी बी-१ लिहिलंय काय?" एवढं विचारलंत तर एखाद्याचं डोकं वाचेल.

डोकं दुखतंय, अंग ठणकतंय म्हणून येणाऱ्या दारुड्याला डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन देऊ नका. बिघडलेल्या यकृतात त्याने मूत्रपिंडं बसतात, रक्तस्रावही होतो. पॅरासिटामॉलही दिवसाला दोन ग्रॅमच्या आत, आणि डॉक्टरांना विचारून.

जेवणाबद्दल बोला, कारण इथे आपली जुनी समजूत फार नुकसान करते. भावाला कावीळ झाली म्हणून आईने तीन आठवडे पेज आणि उसाचा रस सोडून काही दिलं नाही. तेल बंद, डाळ बंद, अंडं तर नावालाही नाही. तो दिसामाजी वाळत गेला, दंडाचं मांस गेलं. सिरॉसिसच्या रोग्याला उलट प्रथिनं जास्त लागतात, वजनाच्या किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम. रात्री पोट रिकामं राहिलं की शरीर स्वतःचंच मांस जाळतं, म्हणून झोपताना काहीतरी खायचं. आता आई त्याला रात्री दहाला दूध-भाकरी देते, नाहीतर मूठभर शेंगदाणे आणि गूळ. मीठ कमी. उसाच्या रसाच्या गाड्याकडे तो बघतही नाही. आणि एक गंमत वाटेल पण खरं आहे: कॉफी पिणाऱ्यांमध्ये सिरॉसिस कमी आढळतो, हे हजारो माणसांच्या अभ्यासांतून पुन्हापुन्हा दिसलं आहे. शेवाळाच्या डबीच्या तुलनेत दोन कप कॉफीच्या मागे जास्त माणसं उभी आहेत. साखर बेताची घाला.

हिपॅटायटिस बी ची लस घेतलीय का, हेही विचारा. दारूने थकलेल्या यकृताला वरून हा हिपॅटायटिस बी झाला तर मग काही हातात राहत नाही.

आणि तुम्ही म्हणाल, मग जडीबुटीचं काय, तीही लोक मागतात. मला तिच्याबद्दल आकस नाही, पण यकृताच्या बाबतीत "नैसर्गिक आहे, त्रास होणार नाही" हे वाक्य मी आता कोणाकडून ऐकून घेत नाही. कोविडच्या काळात गुळवेल घेणाऱ्या काहींना यकृताची सूज आल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवलं. आयुष मंत्रालयाने त्याला हरकत घेतली, वाद झाला. त्या वादात कोण बरोबर ते ठरवायला मी कोण? पण काउंटरवरच्या माणसाला एवढं तरी सांगता येतं की यकृत बिघडलेलं असताना कुठलीही पूड, काढा, कॅप्सूल डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नका.

भाऊ जिवंत आहे. अन्ननलिकेतल्या शिरांना दोनदा बँड घातले. धारवाडला सोळा दिवस राहून आला. दारू सोडून चौदा महिने झाले. फाउंड्रीत परत जाता येत नाही, भट्टीसमोर उभं राहवत नाही. दारात बसून भावकीतल्या लोकांच्या शेतातल्या घेवड्याच्या शेंगा निवडून देतो, संध्याकाळी मुलीचा अभ्यास घेतो. ती निळी-हिरवी डबी घरात अजून आहे. आई तिच्यात मोहरी ठेवते.

मी एक कागद तयार केलाय. वहीच्या अर्ध्या पानाएवढा. वर मराठीत, खाली कानडीत, चार ओळी. दारूबरोबर चालेल असं यकृताचं औषध नाही. अचानक सोडू नका, दवाखान्यात सोडा. पोट फुगलं, पाय सुजले, काळी शी झाली तर आजच दवाखाना. १४४१६ आणि १४४४६.

कानडी ओळी भावाने लिहिल्या आहेत. त्याचं कानडी माझ्यापेक्षा चांगलं आहे, फाउंड्रीत शिकलेलं. हात अजून थोडा थरथरतो, म्हणून अक्षर वाकडं आलंय, पण वाचता येतं. पुढच्या महिन्यात मी शहापूरपासून सुरुवात करून खानापूर, मग निपाणीकडे येणार आहे, दुकान-दुकान. काउंटरच्या काचेला चिकटवायला जागा तेवढी ठेवा. टेप मी घेऊन येते.

आपली,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन, बेळगाव